उपरण्याखाली विकलेले शेअर

सरकीचा वास आला अन् अकोल्याचा कापूसबाजार आठवला, डोकंच तापलं माह्यं! मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. बाबाजवळच्या खाण कंपनीच्या शेअरांच्या पैशावरच माह्यं अमरावतीचं कॉलेज ठरलं होतं. इंग्रज कंपनी खाण घेते अशी बातमी होती म्हणून सारे शेअरवाले भाव चढायची वाट पाहून राहिले होते.

सख्खा काका म्हणे, "अफवा आहे भाऊ, मलेच देऊन टाक."

बाबानं कापसाच्या सौद्यासारखा उपरण्याखाली हात दिला. काकानं बोटं दाबून पडता भाव ठरवला. तेवढ्यात ओळखीचे वकील धावत आले, "थांबा! खाण खरंच विकली!"

"आता हात दिला, सौदा झाला," बाबा म्हणाले.

कागदावर सहीही नव्हती! तवा मले बाबाचा अभिमान वाटला. आता दोघांचाही राग येते.

काका अजून भेटला का हासते, "काहून बे, कॉलेजात नाही गेला?"