दिवसा लावलेली कडी

कॅनडात बरीच वर्षं एकटी राहून मी मानोऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले. तिकडे न कळवता कोणी दारात आलं तरी छातीत धस्स व्हायचं. इथे शेजारणी हाक न मारता थेट चुलीपर्यंत येत. जीव वैतागला. आई शेतात गेल्यावर मी भरदुपारी आतून कडी लावली आणि आडवी झाले.

थोड्या वेळाने कोणीतरी दार ढकललं. मग हाका, मग धक्के. तिकडच्या सवयीने मी ओ दिलीच नाही, श्वास रोखून कोपऱ्यात बसले. बाहेर माणसं वाढली. एक बाई रडायला लागली. कोणी ओरडलं, "दार तोडा!" तेवढ्यात आईचा चिरका आवाज आला, "पोरी, दार उघड वं माय!"

मी कडी काढली. आईने आधी वर आढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा गळा चाचपत ती म्हणाली, "दिवसा आतून कडी कोन लावते वं? ज्याले जीव द्याचा असन, तोच!"

हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी विसरले होते.