उजव्या चाकाच्या छत्तीस तारा

लोक वाशीम जिल्ह्यात देवदर्शनाला येतात, लग्नाला येतात, नाहीतर बदली झाली म्हणून तोंड पाडून येतात. मी इथलीच, नोकरीही वाशीमलाच. तरी हा जिल्हा सायकलवरून पहिल्यांदा पालथा घातला तो चाकाच्या तारांसाठी. स्पोक म्हणा, तारा म्हणा. जाड हव्या होत्या, सायकलरिक्षाला लागतात तशा बारा गेजच्या, आणि रविवार सकाळच्या आत हव्या होत्या.

त्याचं कारण माझी सुशीलाआत्या. ती कारंजा तालुक्यातल्या धनजला राहते. लहानपणी पोलिओने तिचे पाय गेले. हाताने पॅडल मारायची तीनचाकी गाडी हेच तिचे पाय. या गाडीवर ती गावाचं दळण नेते. लोक घरासमोर डबे, पोती गाडीच्या पेटीत ठेवून देतात, आत्या ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चक्कीवर नेते आणि पीठ घरपोच आणते. त्याच्या आदल्या आठवड्यात भरल्या गाडीचं उजवं चाक वळणावर तारा तुटून बसलं. आत्या खाली आणि अंगावर गव्हाचं पोतं. खरचटण्यावर निभावलं.

पण माझा चुलतभाऊ, ज्याच्या घरी ती राहते, तो दादा पुरता घाबरला. त्याने रविवारी सकाळी भंगारवाल्याला बोलावलं. गाडी द्यायची आणि आत्याने ओसरीवर बसायचं.

"बसून खायाले मी का पाहुणी हाय?" आत्या फोनवर म्हणाली. रडली नाही, एवढंच म्हणाली.

मला राग आला. मला राग आला की मी भांडत नाही, सुट्टी टाकते. शुक्रवारची टाकली. आत्याला बघायला धनजला गेले होते तेव्हा अंगणात पडलेली एक तुटकी तार मी उचलून आणली होती. ती पट्टीवर मोजली. सव्वीस सेंटिमीटर आणि वर दोन रेघा. मोबाइलमध्ये लिहून ठेवलं, छाती फुगवून. आत्याला काही विचारलं नाही. तिला कशाला त्रास, असं वाटलं.

शुक्रवार: वाशीम ते कारंजा, शिरपूरचा वळसा घालून

सहाला निघाले. डिसेंबरात या भागात सायकल काढणार असाल तर हातमोजे घ्या, पहिला तासभर बोटं कामातून जातात. रस्ता चांगला आहे, फक्त कडेला पाऊल ठेवायची जागा तुटकी. दोन्ही बाजूंना तूर माणसाच्या डोक्याएवढी आणि मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे तुकडे. मागून ट्रॅक्टर आला की मी निमूट मातीत उतरत होते. तिथे मानापमान बघायचा नाही.

वाशीमच्या तिन्ही दुकानांत मला "जाड तार आता कोण नेते?" एवढंच ऐकायला मिळालं होतं. त्यातल्या एकाने शिरपूर जैनच्या जुन्या दुकानाचं नाव सांगितलं होतं, म्हणून हा वळसा. मंदिराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्यांमधून वाट काढत दुकान शोधलं. समोरच्या हॉटेलात दोन आलुबोंडे आणि चहा घेतला. बोंड्यासोबतची मिरची जपून खा, मी खाल्ली नाही आणि तरी घाम आला.

दुकानातले काका पोत्यावर बसून पेपर वाचत होते.

"कायच्या गाडीले पायजे?" त्यांनी विचारलं.

"हाताच्या तीनचाकीला. बारा गेज. सव्वीस सेंटिमीटर दोन रेघा."

"चाक आणलं असतं तं बरं झालं असतं ना."

"मी मोजलंय काका. हा बघा नमुना."

त्यांनी माझी तुटकी तार हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. "तुमी मोजलं म्हनता तं ठीक हाय. पन जुना माल हाय, वापस होत नाई."

माझ्या आवाजातच इतका भरवसा होता की त्यांचा नाइलाज झाला असणार. आतून गंजाचा वास येणारे जुडगे निघाले. माझ्या नमुन्याएवढ्या छत्तीस जाड तारा त्यांनी वेचून दिल्या, तार रिमला कसायच्या जाड निप्पलांसकट. चारशेच्या आत काम झालं. मी तारा वर्तमानपत्रात गुंडाळून कॅरिअरला बांधल्या आणि शिट्टी वाजवत निघाले.

मालेगावला जेवण झालं. शेवभाजी, ज्वारीची भाकर, वर कांदा. पुढे शेलूबाजारमार्गे कारंजा. नवखे लोक समृद्धी महामार्ग बघून मोहात पडतात. त्यावर सायकल चालत नाही. आपण खालचा जुना रस्ता धरायचा, त्यावर चहा तरी मिळतो. कारंजा लाडला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि बाजाराकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्या रस्त्यावर कापसाचे पुंजके उडत होते, माझ्या केसांतही अडकले. एसटी स्टँडजवळच्या साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीने. मांड्या भरून आल्या होत्या, पण मी खूश होते.

शनिवार: धनज, कारंजा आणि पुन्हा धनज

साडेनऊला धनजला पोचले. जय भीम झाला, चहा झाला. आत्या ओसरीवर बसून मेथी निवडत होती. मी कोणाला मधे बोलूच दिलं नाही. दादाकडून गाडी अंगणात उलटी करून घेतली, उजवं चाक काढलं, टायर-ट्यूब उतरवली, राहिलेल्या तारा सोडवल्या आणि पहिली नवी तार चाकाच्या मधल्या हबच्या भोकातून ओवली.

तार रिमच्या भोकापर्यंत पोचेना.

दुसरी ओवली, तिसरी ओवली. प्रत्येक तार नखभर कमी. ओढून बघितलं, दाबून बघितलं, देवाला सोडून बाकी सगळ्यांना शिव्या घालून बघितल्या. दादा शेजारी उकिडवा बसला होता. तो काही वाईट नाही. त्या दिवशी पोत्याखालून आत्याला त्यानेच ओढून काढलं होतं.

"सोड ना आता," तो हळूच म्हणाला. "तू केलं तेवढं लय झालं. उद्या तो भंगारवाला येऊनच राह्यला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी चाकाकडे बघत राहिले.

"कोनती तार मोजली होती तू?" ओसरीवरून आत्याने विचारलं.

मी खिशातला नमुना तिला दिला. तिने मेथी बाजूला सारली आणि तारेच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"याले आटे कुठी हायेत?"

मी वाकून बघितलं. तारेच्या टोकाला निप्पल फिरवायला आटे असतात. या तारेला ते नव्हतेच.

"आट्यापाशीच तुटली हे. आटे निप्पलात अडकून राह्यले अन् तू तुटक्या तारीचं माप घेऊन जिल्हाभर फिरली?" मग तिने तार खाली ठेवली. "मले काहून नाई इचारलं वं? ईस वर्सं झाली, ह्या गाडीवर मी बसून राह्यली ना?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. दादाने भंगारवाल्याला बोलावताना तिला विचारलं नव्हतं, म्हणून मी पेटून उठले होते. आणि मी तारा आणायला निघाले तेव्हा मीही तिला विचारलं नव्हतं. आम्ही दोघंही तिचं भलं तिच्या मागे करत होतो. मला फार लाज वाटली आणि मी ते तिला तसंच सांगितलं.

"लाजू नको, पान्हा घे," आत्या म्हणाली. "डावं चाक पाय. आपल्या इथल्या मिस्त्रीनं जाड तारायनं भरलं होतं, तो पुन्याले गेला त्याच्या आंधी. उजवं त्याचं राहून गेलं, अन् त्याच्या तारा तं साऱ्या वाकल्या. दोनी चाकं एकाच मापाची. डाव्यातली एक साबूत तार काढ."

म्हणजे बरोबर माप माझ्या डोळ्यांसमोर होतं, त्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूला. तार काढली. आत्याने दाखवलं, वाकड्या मानेच्या आतल्या बाजूपासून आट्याच्या शेवटच्या टोकापर्यंत माप धरायचं. मी पट्टी काढली तर म्हणाली, "मोजून नको जाऊ. तारच घेऊन जाय."

पुन्हा कारंजा. भर दुपारी, उलटा वारा, आणि आता शिट्टी वाजत नव्हती. जायचंच होतं. बाजारामागच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत असं आदल्या दिवशी लॉजवाल्याने सांगितलं होतं. तेव्हा मला मिस्त्रीची गरज वाटली नव्हती. ते जेवायला गेले होते, मी पायरीवर तासभर बसले.

मिस्त्रींच्या भिंतीवर एका फळीला खिळा मारलेला होता. त्यांनी आत्याची तार मानेने खिळ्याला लटकवली, टोकाशी खडूची रेघ ओढली आणि डब्यातल्या जाड तारा एकेक करून लटकवायला सुरुवात केली. रेघेला टेकली तर उजवीकडे, नाही तर परत डब्यात.

"बारीक तारीचं रिम असन तं या निप्पलाले भोक लहान पडन," ते म्हणाले. "गोल कानस लागन. जास्त नको घासू, निप्पल बसलं की बास. कोनासाठी नेऊन राह्यली?"

"आत्यासाठी. ती त्या गाडीवर गावाचं दळण नेते."

"मंग चाळीस ने. चार वरच्या राहू दे तिच्यापाशी. अन् कानस तिकडून पाठवून दे, माही हाय ते."

धनजला परतले तेव्हा चार वाजले होते. या वेळी चाक आत्याच्या मांडीवर होतं. मी कानशीने भोकं वाढवली, दादाने एकेक तार पुसून दिली आणि आत्याने ओवली. एक आतून, एक बाहेरून, तिरपी, तिचे हात थांबत नव्हते. मग नमुन्याची तार डाव्या चाकात परत बसवली, उजवं चाक गाडीला लावून त्याचा आउट काढला, म्हणजे चाक डगमगायचं थांबवलं. चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, जिथे खडू घासेल तिथल्या तारा सैल-घट्ट करायच्या. शेवटी आत्या कान लावून एकेक तार बोटाने वाजवत गेली. दोनदा मान हलवली, दोन तारा पुन्हा कसल्या. दिवेलागणीला चाक सरळ फिरायला लागलं.

रविवार: धनज ते वाशीम

भंगारवाला आठला आला, हातगाडी घेऊन. आत्या आधीच गाडीत बसली होती. दादाने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग आत जाऊन घरचं ज्वारीचं पोतं खांद्यावर आणलं आणि पेटीत ठेवलं. चाक हूं की चूं न करता उभं राहिलं.

"याले का सांगू आता?" दादाने भंगारवाल्याकडे बोट करून विचारलं.

"मीच इचारतो," आत्या म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "काहो भाऊ, तुमच्या घरचं दळण कोन आणते?"

तो हसला. दादाही हसला, मग तोंड फिरवून डोळे पुसले. वळणापर्यंत तो आत्याच्या गाडीमागे चालत गेला. ढकललं नाही, नुसता चालला.

मी कारंजात मिस्त्रींना कानस परत दिली आणि मंगरूळपीरमार्गे वाशीम गाठलं. हा रस्ता जवळचा, पण लांब पल्ल्याच्या गाड्या फार, तेव्हा आरसा लावूनच जा. तारांचे पैसे सोडून तीन दिवसांत खाणंपिणं आणि लॉज धरून हजार-बाराशे गेले. तुम्हाला कधी जाड तारा शोधायच्या असतील तर शिरपूरला मिळतात, कारंजालाही मिळतात. फक्त साबूत तार घेऊन जा, आणि निघण्याआधी गाडी ज्याची आहे त्याला विचारा.

शिरपूरच्या छत्तीस तारा आता माझ्या गॅलरीत मिरचीच्या रोपांना आधार देऊन उभ्या आहेत. तुटकी तार मी ऑफिसच्या टेबलावर ठेवली आहे. तिला आटे नाहीत हे मी रोज बघते.

सोमवारी संध्याकाळी आत्याचा फोन आला. सात घरचं दळण झालं होतं, चाक ठीक होतं. ठेवता ठेवता म्हणाली, "अन् आयक. पुढच्या बारीले तुही सायकल आंधी माह्यापाशी लाव. शनवारी तू दुसऱ्यांदा आली ना, तवाच आयकलं म्या. मांगच्या चाकातली एक तार सैल हाय तुही."

मी फोन ठेवला, खाली गेले, चाक उचललं आणि एकेक तार बोटाने वाजवत गेले. अकरावी सैल होती.