काळी डबी

माझ्या लग्नाच्या बस्त्याला आप्पा मला आमच्या मेहकर खेड्यातून जवळच्या बिदरला घेऊन गेले. जावयासाठी त्यांनी जुनं मनगटी घड्याळ घेतलं होतं. चालायचं झकास, पण मुलामा उडून पितळ दिसायलं होतं, अन् वरपक्ष नावं ठेवील ही त्यांना धास्ती. म्हणून एका बिदरी कारागिराला त्यांनी घड्याळाच्या यंत्राभोवतीची नवी डबी करायला सांगितली.

त्या म्हाताऱ्याचं नाव काही मी विचारलं न्हाई, पण त्याची बोटं अजून डोळ्यापुढं हायत. आम्ही न्यायला गेलो तवा जस्ताच्या डबीत त्यानं चांदीची वेल ठोकून ठेवली होती. किल्ल्यातली माती चिमूटभर जिभेवर ठेवून त्यानं डोळे मिटून चवीनं पारखली, पसंतीची मान हलवली. मग नवसागर घालून उकळलेल्या त्या मातीच्या पाण्यात डबी बुडवून काढली, तर जस्त काळं कुळकुळीत अन् चांदी तशीच पांढरी!

इतकं काळं बघून आप्पा कचरले. "चाचा, लग्नात चालंल का वो हे?"

"क्यूं नहीं, अण्णा?" खोबरेल चोळत म्हातारा म्हणाला. "पोरीच्या गळ्यात काळीच पोत घालायलाव ना? हमारी बेटी के गले का शादी का लच्छा भी कालाच था." अन् डबीत घड्याळ बसवून, लेक सासरी धाडावी तशी त्यानं ती आप्पांच्या हातात दिली.

मांडवात नवऱ्याच्या आत्यानं नाक मुरडलंच, "अगं बाई, काळं घड्याळ?"

मी नवरी, मान खाली घालून बसलेली. पण गळ्यातली नवी पोत उचलून धरली. "आत्याबाई, हे काय पांढरं हाय?"

नवऱ्यानं घड्याळाच्या हाताची बाही वर सारली, ती दिवसभर खाली केली न्हाई.