गुलाबाखाली गेलेले आबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तापलेल्या कॅसेटचा वास आला की कुंडलची ती नवरी आठवते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचो. कॉम्प्युटरवर एडिटिंगची दोन प्लग-इन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, होती: एकात प्रत्येक कट बघून हातानं मारायचा, दुसरं सगळे शॉट आपोआप सारखे कापून मध्ये गुलाब उडवायचं. लग्नसराईच्या घाईत तिच्या लग्नाला मी दुसरं लावलं, न बघताच तयार कॅसेट दिली आणि शूटिंगच्या मूळ कॅसेटवर पुढचं लग्न भरलं. महिन्यानं ती आली. "दादा, गुलाब लय उडवल्यात तुमी, पण आमचं आबा कुटं हायत? पाठवणीला रडलं हुतं. आता गेलं वो ते." मी म्हणालो, "कॅमेऱ्यात आलंच न्हाईत, ताई." "व्हय? मग मीच कॅमेऱ्याच्या मधी आले आसंन," म्हणत ती उठली. ती मधे आली नव्हती, आबा माझ्या त्या आपोआप कटांत गेले होते, एवढं सांगणं मी अजून तिचं देणं लागतो.