मायक्रॉन आणि येणारा नवा माणूस

आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये लोखंड घासून मापात आणणाऱ्या ग्राइंडर मशीनवर अकरा वर्षं बसलेल्या गृहस्थाला सगळे मायक्रॉन म्हणतात. केसाच्या जाडीचा फरकही त्याला खपत नाही. घरात खिळा ठोकायचा तरी आधी भिंत सरळ आहे का ते बघणार. बायको म्हणते, "लग्नाआधी मलाही मोजलं असेल यांनी, नक्की."

तर या माणसाच्या मेहुण्याने एकदा हौसेने त्याचं नाव नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीत घातलं. मायक्रॉनला जायचं कुठेच नव्हतं. पण मेहुण्याला नाही कसं म्हणायचं? मला हे कळलं. मी तेव्हा स्टोअर सांभाळत होतो. मी फक्त एकाला सांगितलं, तेही चहा पिताना, आणि 'कुणाला सांगू नकोस' असं बजावून. आता ते सुपरवायझर साहेबांपर्यंत पोचलं, यात माझा काय दोष?

साहेब घाबरले. मायक्रॉन गेला तर ते जुनं मशीन चालवणार कोण? तोंडावर विचारायची हिंमत नाही, म्हणून त्यांनी गुपचूप मुख्य ऑफिसला लिहिलं, 'ग्राइंडरसाठी माणूस हवा.' ऑफिसने ते नेमकं त्याच एजन्सीकडे ढकललं. आणि एजन्सीने मुलाखतीला बोलावलं कुणाला? मायक्रॉनला!

कारखान्याचं नाव एजन्सी आधी सांगत नाही. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून हा एजन्सीत जाऊन बसला. समोरच्या बाईंनी कारखान्याकडून आलेल्या कागदावरून प्रश्न वाचला, "मशीनचं डावं हँडव्हील अडकलं तर काय कराल?"

"लाकडी हातोडीने खालून हलकेच मारायचं. वरून मारलं तर आणखी अडकतं."

"अगदी हेच लिहिलंय इथे! आत्तापर्यंत चौघांना विचारलं, एकालाही आलं नाही."

कसं येणार? तसं हट्टी चाक साऱ्या परिसरात एकच होतं. मायक्रॉनच्या लक्षात आलं. म्हणजे ही आपलीच जागा! आपल्याला काढून आपल्या जागी माणूस घेताहेत, आणि त्यात निवडही आपलीच होणार.

तीन दिवसांत पत्र आलं. सोमवारी सकाळी आठला हजर व्हा. पगार आतापेक्षा जास्त, पण सहा महिने कच्ची नोकरी.

"घ्या ना मग," बायको म्हणाली. "राजीनामा द्या आणि स्वतःच्याच जागी जाऊन बसा."

"अगं, मग माझी अकरा वर्षं?"

"मग नका घेऊ."

"नाही घेतली तर दुसरा कुणी येईल. मग मी कुठे?"

"अहो, तुम्ही जाताय की येताय, एवढं तरी नक्की सांगा! डबा एक भरू की दोन?"

साहेबांना विचारावं, तर एजन्सीत गेल्याचं उघड होणार. मेहुण्याने परस्पर एजन्सीला होकार कळवून टाकला. सोमवारी मायक्रॉन एका खिशात राजीनामा आणि दुसऱ्यात नेमणूकपत्र घेऊन गेटवर आला. आधी कुठला खिसा उघडायचा, या विचारात तो उभा असताना साहेबांनीच त्याचा दंड धरला.

"बरा भेटलास! चल आत. आज ग्राइंडरला नवा माणूस येणार आहे. तुझ्या हाताखाली तयार कर. आणि राग मानू नकोस हां, अडीअडचणीला असावा म्हणून घेतोय."

"कोण आहे साहेब?"

"नाव कोण बघतो? ऑफिसने 'एक ग्राइंडरवाला' एवढंच कळवलंय. हुशार आहे म्हणे."

मायक्रॉनने मशीन पुसलं. शेजारी एक स्टूलही आणून ठेवलं. मी दोनदा स्टोअरमधून डोकावलो. दोन्ही वेळा हा दाराकडे बघत होता. देवाशपथ सांगतो, तो खरंच वाट बघत होता.

पाच वाजता साहेब तणतणत आले. "आला नाही! पहिल्याच दिवशी दांडी! मी ऑफिसला कळवून टाकलं, त्याची नेमणूक रद्द करा आणि भरती बंद करा. दुसरा आला तरी असाच निघायचा. बाबा रे, तू मात्र कुठे जाऊ नकोस. पगाराचं मी बोलतो वर."

"नाही जात साहेब," मायक्रॉन म्हणाला. मग हळूच, "पण बिचाऱ्याची काही अडचण असेल."

"कसली अडचण? माणसाला शब्दाची किंमत नको?"

मायक्रॉनची मान खाली गेली. स्टूल परत द्यायला तो स्टोअरमध्ये आला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एजन्सीच्या बाई होत्या, आणि त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तुम्ही आज हजरच झाला नाहीत?"

"ताई, मी होतो की. सकाळी आठपासून मशीनवरच होतो."

"मग तुमचे सुपरवायझर काय खोटं बोलताहेत?"

"नाही हो," मायक्रॉन काकुळतीला येऊन म्हणाला, "तेही खरंच सांगताहेत."