शेवटच्या नळाचं पाणी

आमच्या यांना सगळा गाव डॉक्टर म्हणतो, पण सासूबाईंनी ते कधी मनापासून मान्य केलं नाही. "सुई नाही, गोळी नाही, स्वतःचा दवाखाना नाही. हा कसला डॉक्टर? माझा साधा खोकला याच्याने बरा होत नाही," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. हे नगरपालिकेचे आरोग्य अधिकारी. एकेका माणसाला औषध देण्यापेक्षा अख्ख्या गावाला आजारीच पडू द्यायचं नाही, हे यांचं काम. ते नीट झालं की काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही म्हणून कोण कशाला आभार मानेल?

गावाच्या खालच्या अंगाला कामगारांची वस्ती आहे. तिथे जाणारा पिण्याच्या पाण्याचा पाइप सांडपाण्याच्या नाल्यातून जातो. हो, नाल्यातूनच. कुणा शहाण्याने कधीकाळी खोदकामाचा खर्च वाचवला. पाणी चालू असतं तोवर ठीक. बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि गंजलेल्या सांध्यांमधून नाल्यातली घाण आत ओढतो. आमचं लग्न नवं होतं तेव्हा तिथे काविळीची साथ आली आणि पोटुशा बायका दगावल्या. हे त्या घरांमधून फिरून आले आणि भरल्या ताटावरून उठले. "हा पाइप हलवल्याशिवाय मी इथून हलणार नाही," म्हणाले. मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. नव्या नवरीला कशाचंही कौतुक वाटतं.

तेव्हापासून हे रोज पहाटे टाकीवर जातात, समोर उभं राहून क्लोरीन घालून घेतात आणि मग वस्तीतल्या शेवटच्या नळावर येऊन थांबतात. तो नळ शिंपीणबाईच्या दारासमोर आहे. काचेच्या बोटभर नळीत पाणी घ्यायचं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन टोकापर्यंत पोचलं, खुशाल प्या. पिवळं झालं नाही तर दारोदार फिरून सांगायचं, आज उकळल्याशिवाय घोटभरही पिऊ नका. वस्तीतल्या बायका यांच्या हाताखाली इतक्या तयार झाल्या आहेत की शिंपीणबाई यांनाच दरडावते, "डॉक्टर, आज उशीर केलात!" त्या साथीनंतर वस्तीत काविळीने एकही माणूस गेलं नाही.

आणि इथेच घोडं पेंड खातं.

दरवर्षी हे पाइप हलवण्याचा प्रस्ताव घेऊन सभेपुढे जातात. नकाशे काढले, इंजिनियरला नाल्यात उतरवलं, वर्तमानपत्रात लिहिलं, एकेका सभासदाच्या घरी जाऊन चहा ढोसला. पालथ्या घड्यावर पाणी. मध्यंतरी यांचं तोंड बंद करायला यांनाच पाणी समितीवर घेतलं. म्हणजे मागणी करणारेही हेच आणि 'विचार चालू आहे' असं उत्तर देणारेही हेच. मी शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे यांची भाषणं आधी माझ्यापुढे व्हायची. "पुटपुटू नका, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे," मी म्हणायचे. मागच्या बाकापर्यंत जायचं हो, पण तिथे बसलेले झोपलेले असायचे.

यंदा यांची निवृत्ती आली. लेक परगावी, तिला नुकतं बाळ झालेलं. रोज फोनवर विचारते, "बाबा कधी येताय?" यांचे गुडघेही बोलायला लागले आहेत. मी बॅग काढून कपडे भरायला घेतले. शेवटचा प्रस्ताव तेवढा राहिला होता.

सभेच्या आदल्या दिवशी हे टेबलाशी नकाशा पसरून बसले होते. मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले. "अहो, तुमचंच चुकतंय. तुम्ही कुणाला आजारीच पडू देत नाही, तर त्यांना घाई कशाची वाटेल? आठवडाभर हात काढून घ्या. आपोआप पाइप हलेल."

हे चिडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "हे माझ्या मनात येत नाही असं वाटतं का तुला? दर वर्षी येतं. फक्त कुणाच्या घरापासून सुरुवात करू, तेवढं सांग."

मी नकाशाची घडी घालायला लागले. दुसरं काय करणार?

सभेला मी प्रेक्षकांत बसले होते. हे छान बोलले, अजिबात पुटपुटले नाहीत. नगराध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, त्या साथीनंतर वस्तीत कावीळ होऊन किती माणसं गेली?"

"एकही नाही."

"मग?"

"गेली असती, साहेब. रोज थोपवतो म्हणून जात नाहीत."

"अहो, गेली असती म्हणून कुणी रस्ता खोदायला पैसे देतं का? तुमचं काम एवढं चोख आहे की पाइपची गरजच राहिलेली नाही." नगराध्यक्ष हसले. मग निवृत्तीनंतरही यांना कामावर ठेवावं, अशी सूचना त्यांनीच मांडली. टाळ्या कडकडल्या. मागच्या बाकावरचेही जागे झाले. ही जागा पुढे भरायला परवानगी नाही, तेव्हा डॉक्टर गेले तर त्यांच्यामागे कुणी येणार नाही, हे सचिवांनी जाता जाता सांगून टाकलं.

घरी आल्यावर मी फणकारले, "नाही म्हणून सांगा त्यांना. तुम्ही काय त्यांच्या पाइपला लावलेलं ठिगळ आहात?"

"आहेच की," हे म्हणाले. "ठिगळ काढलं तर गळेल ना." आणि हसले. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती आमची.

दुसऱ्या दिवशी पहाटे यांचा गुडघा सुजून टम्म झाला. पलंगावरून पाय खाली टेकवेना. टाकीवरच्या माणसाला फोन करून क्लोरीन घालून घेतलं, पण शेवटच्या नळावर कोण जाणार? मी गेले. शिंपीणबाई दारात उभीच होती. "बाई, तुम्ही? डॉक्टर बरे आहेत ना?" तिची सून कडेला बादली घेऊन थांबली होती, आठवा महिना असावा. मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि हलवलं.

पाणी तसंच राहिलं, नितळ. तेवढ्या क्षणात माझ्या मनात आलं, राहू दे असंच. होऊ दे एकदाचं काय व्हायचं ते. म्हणजे पाइप हलेल, आणि आम्ही सुटू. मी सुनेकडे पाहिलं. तिने बादली पुढे सरकवली आणि विचारलं, "भरू का?"

मग हळूहळू पाणी पिवळं झालं. "भर गं बाई, भर," मी म्हणाले. 

घरात पाऊल टाकलं तर यांनी पलंगावरूनच विचारलं, "पिवळं?"

"पिवळं," मी म्हणाले, आणि बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावायला लागले.