ठरावाला अनुमोदक हवा

“अनुमोदक नसेल तर विषयच संपला, मग चहा घेऊ,” मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हळूच म्हणालं.

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. आई गेल्यावर फ्लॅटवर माझं नाव लागलं, त्यामुळे सभासद म्हणून माझी ही पहिलीच. तळमजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. गव्हाणहून येणाऱ्या मासळीवाल्या मावशींना कमिटीने गेटवर अडवायला सुरुवात केली होती. त्यांना पूर्वीसारखं आत सोडावं, असा काकूंचा ठराव होता.

“पार्किंगमध्ये वास येतो,” सेक्रेटरी म्हणाले.

“आणि ॲपवरून मागवलेलं पापलेट काय अत्तर लावून येतं?” काकूंनी विचारलं.

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. “तिचं निम्मं गिऱ्हाईक आपल्या तीन विंगांत आहे. ती जाणार कुठे?”

सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं.

“काकू, इमोशनल नका होऊ. अनुमोदन कोणाचं?”

एम.ए.ला मी सार्वजनिक चर्चेच्या सिद्धांतांवर प्रबंध लिहिला होता, इंग्रजीत. मोकळेपणी बोलू दिलं की सरस युक्तिवाद टिकतो. लोकशाही अडचणीत आली तर आणखी चर्चा करावी, असं मी ठामपणे मांडलं होतं. सरस युक्तिवाद कोणाचा, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना कळलं होतं. फक्त आणखी एक आवाज हवा होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत मराठी बोलताना मी अडखळते, आणि हीच माणसं उद्या लिफ्टमध्ये भेटणार होती. मी मोबाइलमध्ये पाहत राहिले. ठराव पडला. चहा आला.

देशातल्या मोठ्या वादांबद्दल वाचताना हल्ली मला तोच हॉल आठवतो. बोलू न देणाऱ्यांबद्दल मी पानंच्या पानं लिहिली होती. बोलता येत असून खाली पाहणाऱ्यांसाठी एक तळटीप. आणि जिच्याबद्दल चर्चा चालली होती, तिला तर हॉलमध्ये खुर्चीच नव्हती.

पुढच्या रविवारी मावशी गेटबाहेर फुटपाथवर उन्हात बसल्या होत्या. आईसाठी त्या नेहमी मांदेली बाजूला काढून ठेवायच्या.

“मीटिंग झाली ना गो? माज्यासाठी कोन बोल्ला का?”

“तळमजल्यावरच्या काकू बोलल्या.”

“आनि तू? तू व्हतीस ना?”

विचारता विचारता त्यांनी पाटीवरचं ओलं फडकं दूर केलं. आत मांदेली वेगळी काढलेली होती.

“होते, मावशी,” मी म्हणाले. “पण एक शब्दही बोलले नाही.”